कोऱ्या मांजरपाटाची गाळणी

सिद्रामच्या विमानाचं पेट्रोल मी कोऱ्या मांजरपाटातून गाळलं. न धुता. आणि शिरूर कासारला कापडाचं दुकान माझंच आहे.

सिद्राम डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. बाहेरचा माल येऊ लागला, गावात घरोघरी रंगीत टीव्ही आले, तेव्हा याच्या डोक्यात विमान आलं. जुन्या मोटारीचं इंजिन, ॲल्युमिनियमचे पाइप आणि पंखांना माझ्या दुकानातलं कापड. अर्धं विमान माझंच, असं मी गावभर सांगत सुटलो; खरं तर मला पाना कुठून धरायचा तेही कळत नव्हतं. चहा पिताना तो बजावायचा, "घरी केलेली इमानं दोन गोष्टीनं पडतेत. पेट्रोलात कचरा, न्हाईतर इंजिन बंद पडल्यावर मागं वळायची घाई. बंद पडलं की नाकासमोर उतरायचं." पहिल्या उड्डाणाच्या सकाळी पेट्रोल भरायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं. त्याची पेट्रोल गाळायची बारीक पितळी जाळी शेडमध्ये खिळ्याला होती, काळी पडलेली. शुभ कामाला ही कुठे, म्हणून मी ठाणातून हातभर नवं कापड फाडलं.

माळावरून विमान खरंच उठलं... बाभळींच्या वर गेलं, आणि इंजिन खोकत खोकत थांबलं. पुढं मोकळं रान होतं. "सरळ जा बे, सरळ," मी खालून ओरडत होतो, हातात रिकामा कॅन. त्याला मागचं शेड दिसलं असावं. तो वळला. एक पंख खाली गेला, मग सगळंच.

अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "गाळलं व्हतं ना बे?" मी म्हटलं, गाळलं. "मग काय झालं असंल..." त्याच विचारात तो गेला.

आठवड्यानं नेकनूरच्या मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडला. आत कापडाचं पांढरं तूस.

महिनाभर मी त्याच्या बायकोला, मंगलवहिनींना, टाळलं. परवा गेलो. जाळी अजून खिळ्यालाच होती. तिच्याकडे बघतच मी सगळं सांगून टाकलं. वहिनींनी जाळी काढली, पदरानं पुसली, परत टांगली.

"उशीच्या खोळीला कापड नेलं, तवा तुमीच मला म्हनला व्हता, आदी धुवा वहिनी, नव्याचं तूस लई निघतं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सांगायपुरतीच अक्कल हाय तुमाला, भावजी."