औषध बरोबर होतं

मंगळवारी सकाळी फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, की माझी बायको वासंती हिला सेप्सिस झाला आहे. सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे साऱ्या शरीराचाच तोल जाणं आणि एकेक अवयव मंदावत जाणं.

सुरुवात टाचेच्या भेगेपासून झाली होती. आधी पाऊल लाल झालं, मग पोटरी. मी डॉक्टरांकडे चल म्हणालो, तर वासंतीनं उडवून लावलं. "ताप नाही, खोकला नाही. जाऊन सांगू काय? बायकोचा पाय गुलाबी झालाय म्हणून?"

ताप खरंच नव्हता. मी थर्मामीटर पुन्हापुन्हा लावून पाहत होतो आणि प्रत्येक वेळी मला हायसं वाटत होतं. त्या थर्मामीटरचा मला अजून राग येतो.

भरती करताना तरुण डॉक्टरनं विचारलं, "आंटी, कोई दवा चलती है? बीपी, शुगर की?"

"कुछ नहीं बेटा. बिल्कुल फिट हूँ, बस घुटने बेकार हैं."

मीही मान डोलावली. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

मग कल्चर झालं. कल्चर म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे, ओळखायचे आणि कोणत्या औषधानं ते मरतात हे पाहायचं. रिपोर्ट येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. सोबत पुस्तक होतं. पान उलटलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. जे अँटिबायोटिक चालू होतं, त्यालाच जंतू दाद देणार होते. तरुण डॉक्टर खूश होता. "अंकल, दवा एकदम सही चल रही है."

"मग ती बरी का होत नाही?" मी मराठीतच विचारून गेलो आणि पुन्हा हिंदीत विचारलं.

"टाइम लगेगा."

टाइम लागला नाही, टाइम गेला. पायाची सूज उतरेना. साखर अचानक वाढलेली सापडली. रक्तदाब सलाइन देऊनही खाली घसरत राहिला. राउंडला येणारे रिपोर्ट वाचत, मान हलवत, औषध बरोबर आहे म्हणत आणि पुढच्या खाटेकडे वळत. बरोबर औषध आणि रोज खचत जाणारं माणूस, या दोन गोष्टी एका खोलीत कशा असू शकतात, हे मला कोणी सांगत नव्हतं.

अशात पुण्याहून माई आली. माई म्हणजे वासंतीची थोरली बहीण. आल्याआल्या तिनं बहिणीच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्यावर तोंड टाकलं. "अहो, हिच्या पुड्या चुकल्यात ना! म्हणून अशी गळून गेलीये. मी नव्या आणल्यात."

खाटेशी मोठ्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "क्या कह रही हैं ये?"

तेव्हा मी सांगितलं. पुण्याहून दिल्लीकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात माई काहीतरी कोंबून देते. मेतकूट, भाजणी, आणि गेली काही वर्षं एका वैद्याकडच्या गुडघ्यांच्या पुड्या. त्या घेतल्यापासून वासंती जिने चढायला लागली होती. चेहरा गोल झाला, तेव्हा गणपतीत सगळे म्हणाले होते, तब्येत छान सुधारली. आमच्याकडे औषधांचा डबा कपाटात असतो. पुड्या स्वयंपाकघरात, मेतकुटाशेजारी असत. त्यांना औषध म्हणावं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कॉर्टिसोलची तपासणी केली. कॉर्टिसोल म्हणजे आजाराशी झुंजताना शरीर स्वतः बनवतं ते द्रव्य. वासंतीच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतं. पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असणार, त्या म्हणाल्या. स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दडपतं. ताप दडपतं, साखर वाढवतं, चेहरा गोल करतं. बाहेरून मिळत राहिलं, की शरीर आपलं बनवणं सोडून देतं. आणि ते एकदम बंद झालं, की रक्तदाब कोसळतो.

"दवा कीटाणु गिराती है," त्या म्हणाल्या. "उन्हें उठाकर बाहर फेंकना शरीर का काम है. वो काम यहाँ हो ही नहीं रहा था."

माईनं मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, नंतर सांगतो.

स्टिरॉइडचीच इंजेक्शनं सुरू झाली आणि रक्तदाब थोडा सावरला. वासंतीनं डोळे उघडले, माईला पाहिलं, म्हणाली, "भाजणी आणलीस?" पण मूत्रपिंडं तोवर थांबली होती. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती गेली.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी. डॉक्टर कोणतं औषध घेता विचारतील, तेव्हा पोटात जाणारं सगळं सांगा. पुडी, काढा, कोणी प्रेमानं पाठवलेलं चूर्ण. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा. विचारण्याची पद्धत अशी असायला हवी होती, की आम्हाला आठवलं असतं. ती तशी नव्हती, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माई पाण्याचा पेला घेऊन बसली आणि तिनं पर्समधून पुडी काढली. तीही त्याच पुड्या घेत होती. मी ओरडलो. मग डॉक्टरबाईंचं आठवलं, की एकदम बंद करणंही घातक असतं. मी खाली बसलो आणि त्या काय म्हणाल्या होत्या ते माईला मराठीत, सावकाश, सगळं सांगितलं. तिनं पुडीची घडी पुन्हा घातली.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

"माई, आधी डॉक्टर," मी म्हणालो.

आता ती पुण्यात एका डॉक्टरांकडे जाते. त्यांनी पुडीऐवजी दिलेली स्टिरॉइडची गोळी हळूहळू कमी होते आहे. तिचे गुडघे फार दुखतात. संध्याकाळी ती फोन करते आणि किती दुखतं ते सांगते. मी ऐकतो.