बेचाळीस खिडक्या, एक दोरी

श्रुतीचं गणित चुकलं होतं आणि ती मात्र डब्यांना दोष देऊन मोकळी झाली होती. डब्या म्हणजे तापमान टिपणारी, आगपेटीएवढी यंत्रं. शाहूपुरीतल्या त्या दुमजली दगडी ऑफिसात तिनं अशा अकरा डब्या ठिकठिकाणी चिकटवल्या होत्या.

ऑफिस होतं ओतकामाच्या एका कारखान्याचं. भट्ट्या, वाळू, साचे सगळं तिकडं शिरोलीला. इकडं शहरात नुसते कागद, संगणक आणि चहा. पण परदेशातल्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की माल चांगलाच आहे, आता तुमचं ऑफिस वीज किती खातं आणि कचरा किती करतं तेही कळवा. मालक विजयसिंह यांनी ते पत्र श्रुतीच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बघ बाई, त्यांस्नी काय हिरवं-बिरवं पायजे ते. तू शिकल्यालीस."

श्रुती कुरुंदवाडची, पर्यावरण विषयात पदवी घेतलेली, वय सव्वीस. त्या वयात माणसाला शंका फारशा येत नाहीत. दोन महिन्यांत तिनं कागदी कप बंद करून काचेचे पेले आणले, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापायला लावलं, आणि नको तिथं जळणारे दिवे विझवण्यावरून अर्ध्या ऑफिसशी भांडून झालं. मग तिनं मोठा घास घेतला. सगळ्यात जास्त वीज खात होते एसी. म्हणून लाकडी झडपांच्या जुन्या बेचाळीस खिडक्या काढायच्या, तिथं दुहेरी काच कायमची बसवायची आणि आत कमी विजेचे नवे एसी लावायचे, असा बेत तिनं आखला. विजयसिंहांना काच फार आवडली. सोमवारी दहाला माणसं कामाला येणार होती.

शनिवारी संध्याकाळी ती अहवाल पुरा करायला बसली. डब्यांचे आकडे विचित्र होते. रोज सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान सगळं ऑफिस तीस अंशांवरून पंचवीसवर यायचं, भर एप्रिलातसुद्धा. दुपारचे दोन वाजेपर्यंत एसीची गरजच पडायची नाही. अपवाद फक्त एप्रिलमधले ओळीनं कामाचे आठ दिवस. त्या आठ दिवसांत सकाळी नऊलाच एकतीस अंश आणि साडेनऊपासून सगळे एसी घरघरत होते. रविवारीही सकाळी तेवढंच तापलेलं दिसत होतं, पण रविवारी ऑफिस बंद, म्हणून ते आकडे तिनं पाहिलेच नव्हते. त्या आठ दिवसांवर मात्र तिनं मागेच लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं, 'यंत्र बिघडलं'.

आता अकरा यंत्रं एकाच दिवशी बिघडतात आणि नवव्या दिवशी सकाळी एकदमच बरी होतात, हे कुणाला तरी पटेल का? श्रुतीला पटलं होतं. शिकलेल्या माणसाचा यंत्रावरचा राग असाच सोयीचा असतो. पण त्या संध्याकाळी तिच्या मनात पहिल्यांदाच शंकेची पाल चुकचुकली. तिनं हजेरीचं रजिस्टर काढलं. ते आठही दिवस गैरहजर असलेलं माणूस एकच होतं. झाडलोट करणाऱ्या मीनाबाई.

मीनाबाई छप्पन्न वर्षांच्या, हातकणंगल्याच्या. पहाटेच्या गाडीनं यायच्या आणि स्टेशनवरून चालत येऊन ऑफिस उघडायच्या. श्रुतीला त्यांच्याविषयी याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. चहा चांगला करतात, एवढंच.

सोमवारी सकाळी साडेसहाला श्रुती ऑफिसच्या दारात उभी राहिली. आत मीनाबाई अनवाणी, पदर खोचलेला, हातात पेटलेली उदबत्ती.

"व्हय ताई, एवढ्या येरवाळी?"

"मावशी, पूजा चाललीय का?"

"पूजा कशाची! वारं बघतोय."

आणि श्रुती त्यांच्यामागून निघाली. मीनाबाई एकेका खिडकीपाशी जायच्या, झडप बोटभर उघडायच्या, उदबत्ती धरायच्या. धूर आत कलला तर झडप सताड उघडायची. बाहेर ओढला गेला तर बंद. खाली पूर्वेच्या नऊ खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची एकही नाही. बेचाळीस खिडक्यांपैकी त्या दिवशी कोणत्या उघडायच्या हे त्या धुराला विचारत होत्या, आणि धूर सांगत होता.

शेवटी त्या जिन्यापाशी आल्या. जिन्याच्या डोक्यावर, अगदी छपराला लागून एक लहानशी खिडकी होती. तिच्यापासून एक दोरी खाली लोंबत होती. दोरी कसली, तुकड्यांना तुकडे जोडलेले. थोडा काथ्या, थोडी सुतळी, बाकी साडीचे काठ. मीनाबाईंनी दोन्ही हातांनी ती जपून ओढली. वर करकर झाली आणि आभाळाचा एक चौकोन उघडला.

उदबत्तीचा धूर तोवर सरळ वर चढत होता. तो थबकला, वळला, आणि कुणी बोट धरून न्यावं तसा जिन्याकडं निघाला. एकेक पायरी चढत वर गेला आणि त्या चौकोनातून दिसेनासा झाला. श्रुतीच्या घोट्यांना गार हवा लागली. मग हातांना, मग मानेला. टेबलावरचे कागद हलकेच उचलले गेले. ज्या इमारतीला ती दोन महिने मोजत होती, ती इमारत तिच्यासमोर श्वास घेत होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आबानं. माजा बाप. आपल्याच कारखान्यात साचं करायचा, आकाराम म्हनून. साच्यात लोखंडाचा रस ओतायच्या आदी वाळूला सुईनं बारीक भोकं पाडत्यात बगा. आतल्या वाफंला वाट ठेवली न्हाय तर माल फुटतोय. आबा म्हनायचा, घराचं बी तसंच हाय. खालनं गार घ्यायचं, वरनं गरम सोडायचं. गरमाला जायाला वाट दिली की ते भांडत न्हाय."

सव्वानऊला त्यांनी सगळं त्याच क्रमानं बंद करायला घेतलं. ऊन तापायच्या आधी पूर्वेच्या झडपा, सगळ्यात शेवटी दोरी. साडेनऊला लोक यायला लागले, तेव्हा खिडक्या जशाच्या तशा मिटलेल्या आणि आत गारवा. "दगडी बांधकाम, गार असणारच," म्हणत जो तो आपल्या खुर्चीत बसला. मीनाबाईंच्या एकोणतीस वर्षांच्या कामाचं सगळं श्रेय त्या दगडानं खाल्लं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा वळसा श्रुतीनं दोन महिने घातला होता.

"मावशी, आज या खिडक्या बुजवायला माणसं येणारेत."

"ठावं हाय की. मापं घिऊन गेलीत."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुमी शिकल्याल्या," मीनाबाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "मला वाटलं, हेच्यापक्षा काय तरी चांगलं करत असशीला."

श्रुतीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती घाईघाईनं म्हणाली, "उद्या एक दिवस खिडक्या उघडूच नका. सरांना उकडू दे, म्हणजे आपोआप कळेल."

मीनाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की तिला वाक्य परत घ्यावंसं वाटलं. "आत मानसं बसत्यात की, ताई. तेंस्नी उकडाय लावून काय दावायचं?"

दहाला विजयसिंह आले. मागोमाग काच बसवणारी माणसं, दोघा-दोघांनी काच धरलेली. श्रुतीनं सरांना खुर्चीत बसू दिलं नाही. लॅपटॉप त्यांच्यापुढं धरून, काच का नको ते ती सांगू लागली. सकाळी काय पाहिलं तेही सांगितलं. मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"श्रुती, बेत तुजाच आनि मोडतीस बी तूच? आनि हे आठ दिस काय झालतं? मशीन बिघडल्यालं म्हनून तूच लिवलंयस की."

मीनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. पेला टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "आबा गेला, साहेब. दिवसकार्य, पुण्यानुमोदन समदं हुईपातूर आलो न्हाय मी."

विजयसिंहांनी चहाला हात लावला नाही.

"आकाराम गेला? आपला आकाराम?"

"व्हय."

"मला कुनी सांगितलं न्हाय."

विजयसिंह उठले, भिंतीपाशी गेले आणि दगडावर तळवा टेकून उभे राहिले. गारवा अजून तिथं होता. मागे न वळताच त्यांनी काचवाल्यांना सांगितलं, "न्या परत. खिडक्या हाईत तशा ऱ्हाऊ देत."

मग मीनाबाईंकडं वळून म्हणाले, "तुमास्नी काय पायजे? बोला. लाजू नका."

मीनाबाईंनी जरा विचार केला.

"जिन्यावरच्या खिडकीची दोरी कुजलीया, साहेब. माज्या चार साड्यांचं काठ गेलं तिच्यात. तेवडी नवी द्या."

विजयसिंह दारातून बाहेर गेले आणि जिन्याखाली उभे राहून वर बघू लागले. बापाच्या वेळेपासून ते हा जिना चढत-उतरत होते. रंगीबेरंगी काठांची ती दोरी हळूहळू हलत होती, आणि ती तिथं आहे हे त्यांना आज कळत होतं.

श्रुतीनं दुपारी अहवाल उघडला. त्या आठ दिवसांवरची लाल रेघ पुसली. 'यंत्र बिघडलं' हे शब्द खोडले आणि त्या जागी लिहिलं, 'या दिवसांत मीनाबाईंचे वडील आकाराम वारले. खिडक्या बंद होत्या.'