नत्थुजींच्या गालावरचा डाग

बडनेऱ्याचे नत्थुजी माळी जन्मात एकदाच विव्हळले, तेही अमरावतीच्या दवाखान्यात, चारचौघांत. एरवी विंचू चावला तर हा गडी आधी विंचवाची विचारपूस करायचा.

गालावर तांबूस डाग उठला तेव्हा ते हसले. डाग रुपयाएवढा झाला, त्यावर खपली धरू लागली, तसं हसू आटलं. बाजारात त्यांच्या शेजारी वांगी विकणाऱ्या एकाला असाच डाग उठला होता. रगतपिती, म्हणजे महारोग निघाला, आणि आता तो नाल्यापलीकडे झोपडीत एकटा राहतो. नत्थुजींनी गुपचूप आपला लोटा घरातून उचलून मळ्यातल्या बाभळीला टांगला.

कौशल्याला वाटलं, नवरा रुसला. मग तिनं डाग नीट पाहिला आणि मिरच्यांची तोड अर्धी टाकून त्यांना दवाखान्यात आणलं.

जितकं दुखेल तितका रोग मोठा, असा नत्थुजींचा हिशेब. म्हणून हूं की चूं करायचं नाही, हे वाटेतच ठरलेलं.

डॉक्टर भगवंतरावांनी त्यांना डोळे मिटायला लावून डागावर टाचणी टोचली.

"लागतं?"

"नाई जी."

"आता?"

"कायचं लागते जी."

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "घरात लहान मुलं आहेत?"

"काहून जी?" कौशल्याचा आवाज चिरकला. "लेकराइचं काहून विचारता?"

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. नत्थुजींना नाल्यापलीकडची झोपडी दिसली, तिच्या शेजारी दुसरी दिसली, आणि दुसरीच्या दारात आपला लोटा. त्यांना दरदरून घाम फुटला. कौशल्यानं तो तळव्यानंच पुसला. सकाळपासून मिरच्या तोडलेल्या तळव्यानं.

"मेलो वं माय," नत्थुजी बाकावरून उठलेच.

डॉक्टरही उठले. "लागलं?"

"डागावर आग होऊन राहिली जी."

"आणि मघाची टाचणी?"

"थे बी लागली. पण सांगतलं असतं त रोग वाढला असता नं."

"अहो, न लागणं हीच तर रगतपितीची खूण. तुम्ही भलताच रोग पदरात घेऊन निघाला होता."

डॉक्टरांनी काचेची पट्टी डागावर दाबली. लाली ओसरली आणि खाली काकवीच्या रंगाचे बारीक ठिपके दिसले. "हा कातडीचा क्षय. तुकडा काढून तपासू, पण मला वाटतं हाच."

क्षय म्हटल्यावर नत्थुजी पुन्हा बसले. "म्हंजे मरतोच."

"हा सावकाश चालतो. नव्या गोळ्या आल्यात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतील. त्या बाधल्या, म्हणजे फार तहान लागली, उलट्या झाल्या, तर लगेच यायचं."

घरी आल्यावर कौशल्यानं बाभळीचा लोटा काढला, विहिरीवर भरला आणि त्यांच्यासमोर स्वतःच घटाघटा प्यायली. नत्थुजी नको नको म्हणत राहिले.

तपासणीत क्षयच निघाला. गोळ्यांनी डाग हळूहळू सुकत गेला, रगतपितीची भीती मात्र सुकली नाही. रोज उजाडलं की नत्थुजी मळ्यात जात, बाभळीचा काटा मोडून गालावर टोचत आणि कौशल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत, "लागते वं."

"लागू द्या," ती मिरच्यांतूनच म्हणायची.


मग कुठं ते मोटेला बैल जुंपत.