राजम, नीट सांग

भीमसेन शाळेत चित्रकलेचा मास्तर. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत घर, आणि सणासुदीला जादूचे खेळ. टोपीतून कबूतर काढणं त्याला जन्मात जमलं नाही, उगाच खोटं कशाला बोला. त्याचा खेळ एकच, तोही बायकोच्या जिवावर. राजमच्या डोळ्यांवर पट्टी, लोक रांगेत. भीमसेन कुणाच्या तरी मुठीत लिंबू द्यायचा आणि मराठीत विचारायचा. जितके शब्द, रांगेतला तितकावा माणूस. तमिळ मंडळींना तो मंत्र वाटायचा. अकरा वर्षांत राजम एकदाही चुकली नव्हती.

चौऱ्याण्णव साली रामस्वामींनी बंगल्यावर जेवायला बोलावलं. राईसमिलचे मालक, वर भीमसेनच्या शाळेचे सर्वेसर्वा. मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडची आठ माणसं, बाहेरचं कुणी नाही. न्यायला नवी कोरी गाडी आली. ड्रायव्हर सांबशिव भला माणूस, वाटभर राजमशी आपल्या लेकीबद्दल बोलत होता.

लिंबाचा खेळ रंगला. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. मग रामस्वामींनी भीमसेनला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"सुनेसाठी घेतलेली हिऱ्यांची कुडी सकाळपासून सापडत नाही. पाहुण्यांना कळलंय."

"सार, मला त्यातलं काय कळणार? आमची ही नुसती युक्ती."

"ठाऊक आहे. कुडी माझ्या मुलानं उचलली, तेही ठाऊक आहे. नाव ड्रायव्हरचं आलं पाहिजे." मग अगदी मायेनं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी शाळेत चित्रकला ठेवायची की नाही, अजून ठरवलं नाही."

भीमसेनच्या तोंडचं पाणी पळालं. मेल्याला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणाला.. असं मला लिहायला किती आवडलं असतं.

बाहेर चोर ओळखायला पाच नोकर भिंतीशी उभे केले होते. सांबशिव तिसरा. तो गमतीनं हसत होता, बिचाऱ्याला हाही खेळच वाटला. राजम पट्टी बांधून बसली होती.

"राजम, नीट सांग," भीमसेन म्हणाला.

"तिसरा," राजम तमिळमध्ये खणखणीत बोलली.

दोघांनी सांबशिवाला दंडाला धरून मागच्या गोदामाकडे नेलं. तो ओरडला नाही. "अम्मा, एकदा पट्टी काढून बघा," एवढंच म्हणाला. पाहुण्यांसमोर पायसमच्या वाट्या आल्या.

परतताना गाडी मालकाचा मुलगा चालवत होता, शीळ घालत. राजमनं मागच्या सीटवर मराठीत विचारलं, "तोच चोर ते तुमाला कसं कळलं हो?"

"मला कुठलं कळतंय. मालकांनी नाव सांगितलं." भीमसेननं पुढच्या सीटकडे हनुवटी केली. "घेतली ह्यानं."

राजमनं गाडी थांबवायला लावली. ती उतरली आणि बंगल्याच्या दिशेनं परत चालू लागली.

"अगं, माझी नोकरी," भीमसेन म्हणाला. तिनं वळून पाहिलं नाही.

मुलानं विचारलं, "निघू या, सार?"

भीमसेन हो म्हणाला.