बाद केलेलं खाजण

गाळणीने माझा दात पाडला, त्याला या वर्षी सहा वर्षं होतील. तोवर तिने कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती.

आमच्या संस्थेत तिला सगळे गाळणी म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. काम तेच होतं. निसर्ग माणसाला फुकटात काय काय देतो, पाणी कसं गाळतो, पूर कसा अडवतो, पिकांना फळं कशी धरवतो, यावर जगभरात तीस वर्षांत जे काही लिहिलं गेलं ते चाळायचं. कामाचं ठेवायचं, बाकीचं बाद. अठरा हजार निबंध होते आणि आम्ही पाच वाचक. प्रत्येक निबंध दोघांकडे जायचा. दोघांनी एकमेकांना न विचारता मत द्यायचं, ‘ठेवा’ किंवा ‘बाद’. कुणाकडे काय गेलं आणि कुणी काय मत दिलं, हे फक्त विभागप्रमुखांना ठाऊक असायचं. मतं जुळली नाहीत तर निकाल तेच द्यायचे.

अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. जेवणाच्या सुट्टीतून दोन मिनिटं उशिरा आली तर संध्याकाळी दोन मिनिटं जास्त थांबायची. असल्या माणसांचा मला संताप येतो. तिचाही यायचा, आणि तरी डबा मी तिच्याच बरोबर खायचे.

तिचा थोरला भाऊ शहराच्या टोकाला खाजणावर नोकरीला होता. आम्ही सगळेच त्याला दादा म्हणायचो. खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची सपाटी. भरतीचं पाणी तिथे पसरतं, म्हणून खालच्या वस्तीत शिरत नाही. त्या पाण्याच्या लोखंडी झडपा उघडायच्या आणि लावायच्या, हे दादाचं काम. एका निवृत्त मास्तरांच्या नादाने त्याने खुणा केलेली काठी चिखलात रोवली आणि बारा वर्षं प्रत्येक उधाणाला किती पाणी चढलं ते लिहून ठेवलं. मास्तरांनी त्याचा निबंध केला, एका लहानशा नियतकालिकात छापला आणि शेवटी दादाचे आभार मानले.

तो निबंध आमच्या अठरा हजारांत आला. एका वाचकाने ‘ठेवा’ म्हटलं. दुसरी वाचक गाळणी होती. तिने ‘बाद’ म्हटलं आणि कारण लिहिलं, ‘पाणी मोजणारा माझा सख्खा भाऊ आहे.’ भावाचा कागद ठेवला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. खरं तर तिने तो न वाचता परत करायचा, दुसऱ्या कुणाकडे गेला असता. पण हातात आलेलं काम परत करणं तिला कामचुकारपणा वाटला. प्रमुखांपुढे न जुळलेल्या मतांचा ढीग होता. त्यांनी बादवर शिक्का मारला.

अठरा हजारांतले चार हजार निबंध ठेवले आणि अहवाल झोकात निघाला. त्यात म्हटलं होतं, पूर्वी वर्षाला दहा-बारा निबंध निघत, आता हजारावर निघतात. त्यातले बहुतेक पाच-सहा श्रीमंत देशांतले. जंगलांवर उदंड लिहिलं जातं, मधमाश्यांवर त्याहून जास्त, चिखलाला मात्र कुणी विचारत नाही. सोबत जगाचा नकाशा होता. जिथे अभ्यास जास्त तिथे गडद हिरवा रंग. आमचा किनारा पांढराफटक. पांढरा म्हणजे इथे अभ्यास झालेला नाही, एवढंच. तळटीपेत तसं लिहिलंही होतं, पण तळटीप वाचतो कोण?

खाजण बुजवायला निघालेल्या भराव कंपनीने तो नकाशा मोठा करून अधिकाऱ्यांपुढे टांगला. जगातल्या चार हजार निबंधांत या चिखलाचा एकही उपयोग सापडत नाही, असं त्यांचा वकील म्हणाला. परवानगी मिळाली आणि सोमवारी दुपारी ओहोटी लागताच ट्रक आले.

दादा झडपेपुढे उभा राहिला. तोही काही साधू नव्हता. पहिल्या ड्रायव्हरने बाजूला हो म्हणून ढकललं, तसा त्याने झडपेचा लोखंडी दांडा त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या रस्त्यावर ऐकू गेला म्हणतात. मग सहाजणांनी त्याला चिखलात पाडला आणि फावड्याच्या दांड्यांनी झोडपला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तो ओरडायचा थांबला तेव्हा हे थांबले आणि त्याला तिथेच टाकून त्यांनी भराव ओतायला घेतला.

गाळणीने हरकत घेतली म्हणून काम आठवडाभर थांबलं आणि सुनावणी लागली. तिने मास्तरांचा निबंध टेबलावर ठेवला आणि आपण तो बाद केल्याचं सांगितलं. कंपनीचा वकील हसला. म्हणाला, तेव्हा भाऊ म्हणून बाद केला, आता भाऊ म्हणून आणला, बाईंचं मत घरातल्या वाऱ्याप्रमाणे फिरतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, दुसरं मत काय होतं? ‘ठेवा’, ती म्हणाली, प्रमुखांनी तेवढं सांगितलंय, पण कुणाचं ते मला माहीत नाही. प्रमुखांनी गुप्ततेच्या नियमाकडे बोट दाखवलं. मग अधिकारी सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाले की तो वाचक इथे हजर असेल तर त्याने उभं राहावं. ज्याचं या भावाशी नातं नाही, अशा एका माणसाचा शब्द त्यांना हवा होता.

तो वाचक मीच. तिसऱ्या रांगेत मूग गिळून बसले होते.

आदल्या संध्याकाळी आमच्या जिन्यात कंपनीचे दोघेजण उभे होते. एकाने माझं मनगट धरलं आणि बोलता बोलता करंगळी मागे वाकवली, कट्ट झालं तेव्हा सोडली. त्यांना माझं मत माहीत नव्हतं. पाचही वाचकांच्या घरी जाऊन आले होते. बोट पदराखाली धरून मी बसले होते आणि मला भीती वाटत होती. याहून चांगलं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

हरकत फेटाळली. दुसऱ्या दिवशी ट्रक आले. दादा पायाला प्लास्टर घालून, कुबडी घेऊन पुन्हा झडपेपुढे गेला. या वेळी त्यांनी दांडा तोंडावर मारला. डावा डोळा गेला आणि उजवा हात कोपरातून निखळला.

इस्पितळात पलंगाच्या पायथ्याशी मी गाळणीला सांगितलं, ‘दुसरं मत माझं होतं.’  मग तिने मला मारलं. उघड्या हाताने नाही, मुठीने. पडले तर माझ्यावर बसून मारत राहिली.  दोन नर्सनी ओढली तेव्हा माझा दात फरशीवर होता आणि तिचे सांधे रक्ताळले होते. मी तिला अडवलं नाही. उलट मनात म्हणत होते, मार अजून.

वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील करता येत होतं. दोन दिवसांनी सुजलेलं तोंड घेऊन मी जबाब द्यायला उभी राहिले. निबंध माझ्याकडे आला होता, या भावाचं आणि माझं काही नातं नाही, निबंध चोख होता म्हणून मी ठेवा म्हटलं, असं सगळं सांगितलं. प्रमुखांनी मान खाली घालून माझं मतपत्र काढून दिलं. अधिकारीबाई लिहून घेत होत्या. कंपनीच्या वकिलाचा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकलो.

मग अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘तोंडाला काय झालं?’

‘जिन्यावरून पडले.’

‘कुणाची बळजबरी?’

‘नाही.’

त्या पुढचं वाचायला लागल्या. आणि माझ्या शेजारी गाळणी उभी राहिली. मी तिची साडी धरून खाली ओढली, खरंच ओढली.

‘ती पडली नाही, बाई,’ ती म्हणाली. ‘मी मारलं तिला.’

वकील ताडकन उठला. मारहाण करून मिळवलेला जबाब, असं तो तीनदा म्हणाला. मी घसा फोडून सांगत होते की आधी मी सांगितलं आणि मग तिने मारलं. पण एकदा खोटं बोललेल्या बाईचं दुसरं वाक्य कोण ऐकणार? अधिकारीबाईंनी माझ्या जबाबावर आडवी रेघ मारली. त्यांनाही ते आवडलं नसावं, पण मारली, आणि अपील फेटाळलं.

बाहेर मी तिला नाही नाही ते बोलले. एक दिवस, एकच दिवस गप्प बसली असतीस तर! ती म्हणाली, तुझं मत खरं होतं, त्यात खोटं मिसळायला नको होतं. मला तिचा गळा दाबावासा वाटला.

दादा उशीला टेकून वाट बघत होता. उरलेल्या डोळ्याने त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘थांबले ट्रक?’

तिने जे घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने पाण्याने भरलेला स्टीलचा पेला उचलला आणि तिच्या तोंडावर भिरकावला. भुवई फुटली. तिने रक्त पुसलं नाही की मागे सरकली नाही. तो पलंगावर हात आपटत रडत होता आणि ती त्याच्या प्लास्टरच्या पायाशी उभी राहून म्हणत होती, ‘मार, दादा.’