पिशवीच्या खोलीतले गणपती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, रोह्याच्या मेव्हणीला तर नाहीच. तुम्ही परके — म्हणून कदाचित जमेल.

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना, घराला लागूनच. बायकोच्या, मंदाच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा घरच्या घरी पोटातून डायलिसिस करायचं ठरलं. पोटात कायमची नळी. दिवसातून चार वेळा आतलं पाणी काढायचं, नव्या पिशवीतलं भरायचं. मंदाला नीट दिसत नसे, म्हणून पिशवी जोडायचं काम माझं. सिस्टरने माझ्याकडून घोकून घेतलं होतं — हात धुवा, मास्क लावा, दार-खिडकी लावा, पंखा बंद करा. नळीच्या उघड्या तोंडावर धूळ बसली की जंतू थेट पोटात. पिशवी जोडायच्या त्या खोलीत दुसरं काही ठेवायचं नाही.

दोन वर्षं मी हे सगळं पाळलं. मंदाला एवढंच हवं होतं — दवाखान्यात खेटे नकोत, घरात राहायचं.

मग तो श्रावण आला. हवा दमट, रंग वाळेना, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. मी वीसेक मूर्ती पिशवीच्या खोलीत नेल्या. काही ओल्या, काही घासायच्या राहिलेल्या, पांढऱ्या भुकटीने माखलेल्या. वर पंखा फुल. पिशवी जोडताना तो पाच मिनिटं बंद करायला काय झालं होतं मला? मंदा म्हणालीही, "आवो, पंका चालू हाय." मी खेकसलो, "मला नको शिकवूस." मास्क हनुवटीवर होता. हे आठ दिवस चाललं.

नवव्या दिवशी पाणी गढूळ आलं. ताप, पोटात कळा. पनवेलला डॉक्टरांनी विचारलं — पंखा बंद असतो ना? खोली स्वच्छ? मी म्हणालो, सगळं नियमाने. मंदाने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "माजाच हात लागला आसंल नळीला. झोपंत."

तिला ठाऊक होतं. मला वाचवायला ती खोटं बोलली — आणि मी बोलू दिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही, खरं सांगायचं तर थांबलो नाही. मुलगी आईला रागावली, तर मीही तिच्या सुरात सूर मिसळला, "किती वेळा बजावलं हिला!" आल्यागेल्यासमोर म्हणालो. नळी काढावी लागली. मग आठवड्यातून तीनदा पनवेलला, मशीनवर. ज्याला ती भीत होती, तेच. सहा महिन्यांत गेली.

दहाव्याला मेव्हणी रडत म्हणाली, "बाय माझी गुणाची, पण जरा निष्काळजीच गो."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "व्हय, होतीच."