चष्म्याखालची फाईल

लोणखेड्याला माझा सत्कार झाला तेव्हा निवेदकाने "नोकरी सांभाळून वकील झाले" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की मी खुर्चीत अवघडून बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा संकोची आहे. मी कान खाजवत होतो. नोकरी मी सांभाळली नव्हती. ती माझ्या जुन्या चष्म्याने सांभाळली.

एका तालुक्याच्या कचेरीत मी अव्वल कारकून होतो. तालुक्याचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं नोकरी करतात. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मला कायदा शिकायची हौस आली. वरिष्ठांची रीतसर परवानगी काढली. अट एकच: कामात कसूर होता कामा नये. वर्ग सकाळी भरत आणि शेजारच्या तालुक्याला भरत. शेवटचा तास संपवून मी अक्कलकुव्याहून येणारी एसटी पकडायचो. ती वेळेवर आली तरी कचेरीत पोहोचेपर्यंत दुपार होई. कॉलेजात हजेरी कडक, कचेरीत सैल. अंगठ्याचं यंत्र भिंतीवर होतं, पण त्याला रेंज नव्हती. मग मी कुठे जाणार हे उघडच आहे.

माझ्या खोलीतला शिपाई माझ्याच वयाचा आणि माझ्यापेक्षा कल्पक. त्याने व्यवस्था बसवली. सकाळी कचेरी उघडली की पंखा चालू, टेबलावर एक फाईल उघडी, त्या फाईलवर माझा जुन्या नंबरचा चष्मा, शेजारी अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास. कोणी आलं की तो म्हणे, "भाऊसाहेब आत्तेच उठनात. बसा." म्हणजे, आत्ताच उठून गेलेत. चष्मा सोडून माणूस लांब जात नाही, अशी आपल्याकडे लोकांची श्रद्धा. लोक बसत. पुढे पुढे शिपायाला कलेची नशा चढली. एकदा त्याने पेनाचं टोपण काढून ठेवलं. एकदा तर अर्धी बिस्किटं. मी त्याला म्हणालो, "अरे, उरलेली अर्धी कोणी खाल्ली?" तो म्हणाला, "तुम्हीच."

फाईलबद्दल मी त्याला सांगितलं होतं, की निकाली निघालेली एखादी जाड फाईल घेत जा. त्याने जाड तेवढी घेतली. दुपारी मी आलो की तो चष्मा आणि फाईल एकत्रच उचलून कपाटात ठेवी, सकाळी परत मांडी. आत काय आहे हे मी एकदाही पाहिलं नाही.

कॉलेजात माझी मुलं शोभतील अशी पोरं माझ्या बाकावर. प्राध्यापकही तरुण, मला "काका" म्हणत. वहिवाटीचा हक्क शिकवताना ते म्हणाले, "काका, तुम्ही महसुलातले. एखादं उदाहरण द्या." मी उठलो आणि रंगात येऊन सांगितलं: समजा, तापीकाठी एकाची केळीची बाग आहे. गाडवाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. शेजाऱ्याने वाटेत चर खणला. आता केळी कशी बाहेर काढायची? प्राध्यापक खूश. "वा काका, काय जिवंत उदाहरण!" परीक्षेत तोच प्रश्न आला, आणि त्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त गुण मला पडले.

पुढच्याच आठवड्यात एक तास बुडाला आणि मी लवकर कचेरीत आलो. बगलेत कायद्याचं पुस्तक, कपाळाला घाम. शिपाई चहाला गेलेला. माझ्या टेबलापुढच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारबा बसले होते. मला पाहून ते सरकले.

"बसा भाऊ. भाऊसाहेब आत्तेच उठनात."

मी माझ्याच खुर्चीपुढे पाहुण्यासारखा बसलो. का बसलो, ते आजही सांगता येत नाही. तोंडातून एवढंच निघालं, "तुम्हनं काय काम शे?"

"रस्तानं. केळी कापनीवर ई गयी आन शेजारीनी गाडवाटवर चर खनी टाका. ट्रॅक्टर काय उडीसन जाई?" मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पन आठला भाऊसाहेब देवमानूस शे. मन्हीच फाईल वाची ऱ्हायनात. जवय येस तवय तीच उघडी ऱ्हास. चष्मा बी तिनावरच."

मी वाकून फाईल पाहिली. वर त्यांचाच अर्ज होता. आत गावाचा नकाशा, सातबारा, पंचांच्या सह्या. म्हणून तर ती जाड होती. फाईल मी तहसीलदारांपुढे ठेवायची, त्यांनी जागा पाहून वाट मोकळी करून द्यायची, एवढं साधं काम. पण ती जाणार कशी? ती रोज सकाळी कामावर होती.

"कापनीले किती येळ शे?" मी विचारलं.

"येळ? वरना घड पिवळा पडी ऱ्हायनात."

तेवढ्यात शिपाई आला आणि सवयीने आम्हा दोघांनाही म्हणाला, "भाऊसाहेब आत्तेच..." मग त्याने मला ओळखलं. मी त्याला डोळ्यानेच गप्प केलं, म्हातारबांना "मी पाहतो" म्हणालो आणि फाईल चष्म्यासकट उचलून साहेबांच्या दालनात नेली. साहेब म्हणाले, "हा चष्मा पुरावा म्हणून जोडलाय का?"

वाट मोकळी झाली, पण उशिरा. तोवर निम्मी बाग झाडावरच पिकली होती आणि पिकलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. उरलेले घड त्याआधीच मजुरांनी डोक्यावरून चर ओलांडून काढले होते. म्हातारबा मात्र कचेरीत एक पिकलेला घड घेऊन आले आणि चष्म्यापुढे ठेवून गेले. शिपायाने त्याचे फोटो काढले. मी एकही केळं खाल्लं नाही. घरी बायकोने शिकरण केलं तेव्हा पोट बिघडल्याचं निमित्त सांगितलं.

निवृत्तीनंतर सनद मिळाली आणि तो सत्कार झाला. पहिल्या रांगेत म्हातारबा; त्यांचे देवमाणूस भाऊसाहेब म्हणजे मीच, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. टाळ्या वाजवत होते. घरी आलो, पण हार उतरवूनही मान हलकी होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बागेत गेलो आणि चष्मा, शिपाई, कॉलेज, जिवंत उदाहरण, सगळं सांगितलं. ते बराच वेळ विळ्याने केळीची वाळकी पानं कापत राहिले.

"मंग काल का बरं नही सांगं?"

"काल लोक होते, बाबा."

"आठे कोन शे? केळीस्ले सांगीसन काय उपेग? जठे हार घाली लिधात, तठे सांगा."

तिथे परत कोण बोलावणार? म्हणून हे लिहिलं. छापून आलं की पहिली प्रत त्यांना वाचून दाखवायची आहे.

मी निघालो तशी त्यांनी विळा त्याच गाडवाटेकडे दाखवला. "ते देखा. शेजारीना पोऱ्यानी तठेच परत चर खना. आवंदाबी केळी कापनीवर शे. वकील व्हयनात ना? मंग लढा आते. आन फी मांगू नका, ती तुम्ही मांगेच खाई गयात."

अशी ही माझी पहिली केस. अर्ज मी स्वतः लिहिला, नकाशा जोडला, आणि काही दिवसांनी आम्ही दोघं माझ्याच जुन्या कचेरीत गेलो. बाक तोच. माझ्या जागी आता एक तरुण कारकून आहे म्हणतात. पंखा चालू होता, टेबलावर अर्धा चहा होता आणि मधोमध एका उघड्या फाईलवर हेल्मेट. नवीन शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब आत्तेच उठनात. बसा."

मी बसलो. म्हातारबा बसले नाहीत. ते टेबलाशी गेले, हेल्मेट कडेने उचलून वाकले, परत येऊन माझ्या कानाशी लागले.

"वकीलसाहेब, उठा. आपलीच शे."

मी काळा कोट सारखा केला, हेल्मेटसकट फाईल उचलली आणि तहसीलदारांच्या दालनाकडे निघालो.